शब्दांची तोंडओळख

आमच्या घरमालकांच्या घरी चार खुर्च्या होत्या. दोन प्लास्टिकच्या, एक लोखंडी आणि एक मुलाने भंडाऱ्याहून आणलेली, हातांची. त्या घरात मी अडीच वर्षं भाड्याने राहिले. तेवढ्या काळात सहा दिवस सोडले, तर त्यांना यातल्या एकाही खुर्चीवर बसलेलं मी पाहिलं नाही. त्या सहा दिवसांना कारण मी होते. म्हणून हे लिहायला घेतलं.

मी सांगलीकडची. जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी लागली आणि नेमणूक थेट भंडारा जिल्ह्यात झाली. वरठी स्टेशनवर उतरायचं आणि तिथून आठ-नऊ किलोमीटर आत जायचं. गावाला मोठा तलाव, तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाच्या पायथ्याशी, मासे धरणाऱ्या ढिवरांची घरं, बाकी सगळीकडे धानाची, म्हणजे भाताची शेतं. शाळा चौथीपर्यंत. शिक्षक दोन, मुख्याध्यापक सर आणि मी. पहिली-दुसरी माझ्याकडे.

घरमालक साठीच्या पुढचे, काटकुळे, डोक्याला कायम रुमाल गुंडाळलेला. तुमसरकडच्या एका राईस मिलमध्ये त्यांनी तीस वर्षं काढली होती, आधी हमाल म्हणून, मग मुकादम म्हणून. गावातले मोठे लोक त्यांना अजूनही मुकादम म्हणत. पोरं आबाजी म्हणत, आणि आठवडाभरात मीही तेच म्हणायला लागले.

हा माणूस एका जागी थांबत नसे. चहा अंगणात फेऱ्या मारत प्यायचे. जेवायचे उभ्याने, ताट खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून. सकाळी सायकल काढून तलावापर्यंत जायचे, परत यायचे, काहीतरी विसरल्यासारखं करून पुन्हा जायचे. घरातली खाट आज या भिंतीला तर उद्या त्या. पाण्याचा ड्रम महिन्यातून चारदा जागा बदलायचा. काकू, म्हणजे त्यांच्या घरच्या, वैतागून म्हणायच्या, "मॅडम, रात्री उठली का मी पह्यले हातानं चाचपते, पानी कोठं ठेवलं यायनं आज!"

पेपरसुद्धा चालताचालता. घडी घालून काखेत मारलेला. सपरीत, म्हणजे त्यांच्याकडच्या पडवीत, मी डबा भरत असले की येता-जाता एकेक बातमी सांगून जायचे. एकदा मी विचारलं, "आबाजी, शिक्षकांच्या बदल्यांचं काही आलंय का?"

"काईच नाई जी," ते म्हणाले आणि सायकल काढून निघून गेले.

पेपर ड्रमवर राहिला होता. पहिल्याच पानावर, हाताच्या पंजाएवढ्या अक्षरांत, शिक्षकांच्या बदल्या. मी हसले. म्हटलं, घाईचा माणूस, नजर गेली नसेल.

पहिलीच्या मुलांना वाचायला शिकवण्यात मी तेव्हा पार रडकुंडीला आले होते. अ अननसाचा, आ आईचा, हे सगळं तोंडपाठ. पण पुस्तकातलं एक वाक्य पुढे ठेवलं की गाडी रुतायची. एका प्रशिक्षणात आम्हाला सांगितलं होतं की काही शब्द मुलांना आधी अख्खेच ओळखू येऊ द्या. जे वाक्यावाक्यात भेटतात ते. आहे, नाही, आणि, पण, मी, तो, इथे, मला. ते दिसताक्षणी ओळखू आले की मूल बाकीच्या शब्दांवर जोर लावू शकतं. म्हणून एका रविवारी मी सपरीत बसून जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर मार्करने शब्द लिहीत होते. आबाजी फेऱ्या मारत होते. दोनदा गेले, तिसऱ्यांदा थांबले.

"हे कायले करून राहिल्या मॅडम?"

मी सांगितलं. त्यांनी वाकून सगळी कार्डं पाहिली. मग दोन उचलून वेगवेगळ्या टोकांना ठेवली. 'घर' आणि 'धर'.

"हे दोघं एका दिवशी नका नेऊ. पोट्टे फसतीन."

पुढे आणखी दोन वेगळी केली. 'भाजी' आणि 'माझी'. "हे बी."

मला वाटलं, उगीच लुडबुड. दुसऱ्या दिवशी मी चारही कार्डं नेली. मुलं नेमकी त्याच जोड्यांत फसली, एकजात सगळी. संध्याकाळी मी हे सांगितल्यावर आबाजी खूश झाले नाहीत. इतकंच म्हणाले, "मले मालूम होतं." आणि ड्रम हलवायला गेले.

त्या आठवड्यात ते शाळेच्या फाटकाशी दोनदा घुटमळून गेले. तिसऱ्या दिवशी आत आले. सरांनी हरकत घेतली नाही. गावातलं माणूस शाळेत येतंय, बरंच होतं. वर्गात आल्यावर आबाजींनी पाच मिनिटं माझं शिकवणं पाहिलं आणि न राहवून म्हणाले, "मॅडम, यायले बसवून कायले ठेवलं? बसून का शब्द ध्यानात रायतात?"

आणि त्यांनी वर्ग अंगणात काढला.

तिथून पुढे त्यांच्या डोक्यातून रोज एक खेळ निघायचा. कधी पटांगणावर खडूने शब्द लिहून मुलांना बेडूक करायचे. ते ओरडतील त्या शब्दावर उडी. कधी दोरीवर सात कार्डं चिमट्यांनी लावायची, मुलांनी डोळे मिटायचे, आबाजी एक काढून सदऱ्यात लपवणार आणि विचारणार, "सांगा, कोन पळालं?" एकदा त्यांनी ढिवर मोहल्ल्यातून जाळ्याचा एक फाटका तुकडा आणला. मी कार्डं माशांच्या आकारात कापली. जाळं फेकायचं, अडकलेला मासा वाचायचा. आला तर आपला. नाही आला तर तो परत तलावात सोडायचा, उद्या पुन्हा धरायचा. न येण्याला एवढीच शिक्षा.

मला सगळ्यात आवडलेला खेळ सदऱ्याला शब्द टाचायचा. मला पडलेला मोठा प्रश्न असा, की 'मासा' शिकवायला चित्र काढता येतं, पण 'आणि'चं चित्र काय काढणार? 'पण'चं? आबाजींनी एका मुलीच्या फ्रॉकला 'आणि' लावलं आणि सांगितलं, आज दिवसभर कोणीही दोघं बोलत असतील की तू मध्ये जाऊन दोघांचे हात धरायचे. ती पोरगी दिवसभर धावली. 'नाही' लावलेला मुलगा घरी जाईपर्यंत मान हलवत राहिला. पोषण आहाराच्या ताईंनी भात वाढताना विचारलं तेव्हाही हलवली आणि उपाशी राहायची वेळ आली. पण ते दोन शब्द त्या वर्गात पुन्हा कोणाला शिकवावे लागले नाहीत.

'मला' या शब्दावरून आमचं थोडं वाजलं होतं. मुलं कार्ड बघायची आणि 'मले' म्हणायची. मी दुरुस्त करायची. तेव्हा आबाजी मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, वळखलं ना त्यायनं? तोंड बरोबर वळखलं. आवाज घरचा काढला. तुमी नाही म्हनता, मंग थे पोरगं का समजते? का आपल्याले वाचताच येत नाई." मी त्या दिवसापासून पहिल्या सहामाहीत ते दुरुस्त करणं सोडलं. पुढे मुलं आपणहूनच 'मला' म्हणायला लागली. घरी मात्र 'मले'.

शब्दाचं तोंड, हे त्यांचं आवडतं बोलणं. "मानूस वळखायले आपन नाक-डोळे मोजतो का? पाहिलं का वळखलं." मला तेव्हा ही एक म्हाताऱ्या माणसाची गमतीची बोली वाटायची.

दिवाळीनंतर एकदा आम्ही शब्द लपवायचा खेळ खेळत होतो. ज्या वस्तूचं नाव, त्या वस्तूजवळ कार्ड ठेवायचं आणि मुलांनी शोधायचं. मी त्या दिवशी काही नवी कार्डं केली होती. त्यातलं 'गवत' आबाजींच्या हातात दिलं आणि म्हटलं, "हे तुम्ही ठेवा." ते कार्ड घेऊन दोन फेऱ्या फिरले आणि नळाजवळ ठेवून आले. मुलं खिदळायला लागली. आबाजी म्हणाले, "मुद्दाम! पाहात होतो, कोनाच्या ध्यानात येते का." मुलं आणखी हसली.

मी नाही हसले. बदल्यांची बातमी आठवली, घर आणि धर आठवलं. संध्याकाळी ते तलावावर गेले असताना काकूंजवळ जाऊन बसले. काकू पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलत होत्या. मी काही विचारायच्या आतच त्या म्हणाल्या, "आज कायले गप हा, मॅडम? कळलं वाटते तुमाले."

"काय काकू?"

"त्याईले अक्षर येत नाई जी. तोंडं येतात." त्यांनी आणखी एक शेंग सोलली. "शाळेत नाई गेले. मिलमधी धानाच्या पोत्यावरचे नाव पाहून-पाहून वळखाले लागले. बसच्या पाट्या, दुकानाच्या पाट्या. दोनशे-तीनशे तोंडं असतीन डोक्यात. नवीन आलं का अडते. मुकादमी मिळाली तवा कोनाले सांगितलं नाई, मंग सांगाचं राहूनच गेलं. मुलाले बी मालूम नाई. तुमी कोनाले बोलू नका."

मी शब्द दिला.

त्यानंतर मी आणि आबाजी, दोघंही या विषयावर चकार शब्द बोललो नाही. पण त्यांना अंदाज आला असावा, कारण एक नवीच पद्धत सुरू झाली. मी नवी कार्डं केली की ते येऊन एकेक उचलायचे आणि विचारायचे, "हा पोरायले कसा सांगान?" मी म्हणायची, "मी म्हणेन, बघा मुलांनो, हा शब्द आहे 'पाऊस'." ते मिनिटभर कार्डाकडे टक लावून बघायचे. बस. ते तोंड पुन्हा कधी विसरायचे नाहीत. 'मला येत नाही' हे शब्द मात्र त्यांच्या तोंडून मी तोवर कधी ऐकले नव्हते.

आणि त्याच सुमारास त्यांनी 'खोटं' हा खेळ काढला. आबाजी वाक्याची पट्टी हातात धरून मुद्दाम चुकीचं वाचायचे आणि मुलांनी ओरडायचं, "खोटं!" 'मासा पाण्यात आहे' अशी पट्टी असायची, आबाजी वाचायचे, "मासा सायकलीवर आहे." वर्ग छप्पर उडवायचा. जो पकडेल त्याने खरं वाचून दाखवायचं. या खेळात खुशी नावाची एक मुलगी सगळ्यात पुढे. ढिवर मोहल्ल्यातली, दोन वेण्या, पुढचा दात पडलेला. जूनमध्ये ही पोर पुस्तक उघडायला घाबरायची. जानेवारीत आबाजींचं तोंड उघडायच्या आत हात वर करायला लागली.

फेब्रुवारीत सरांनी पालकांचा मेळावा ठरवला. मुलं वाचून दाखवणार, गाणी म्हणणार. आदल्या दिवशी सर म्हणाले, "शेवटी तुमच्या आबाजींना एक गोष्ट वाचायला लावू. मुलांना आवडेल, त्यांचाही मान होईल. वाचतील ना?"

मी तेव्हा मोबाइलवर शाळेची कुठलीशी माहिती भरत होते. साइट सारखी अडकत होती. मान वर न करता म्हटलं, "हो सर, वाचतील की."

मला खरंच ठाऊक नव्हतं असं नाही. मनात आलं होतं, संध्याकाळी त्यांना गोष्ट सांगून ठेवू, एकदा ऐकली की ते पाठ म्हणतील. शिवाय खरं सांगायचं तर मला मिरवायचंही होतं. माझा वर्ग, माझे खेळ, माझे आबाजी. संध्याकाळी साइट पुन्हा अडकली. रात्री ते लवकर झोपले. सकाळी मुलांना टोप्या चढवण्याच्या धांदलीत माझ्या डोक्यातून ते पार निघून गेलं.

मेळाव्याला सगळा गाव आला होता. आबाजी नवा सदरा घालून मागच्या भिंतीशी येरझाऱ्या घालत होते. मुलांचं वाचन छान झालं. मग सरांनी माइकवर त्यांचं नाव घेतलं आणि एक मोठ्या अक्षरांचं कोरं करकरीत गोष्टीचं पुस्तक त्यांच्या हातात दिलं.

आबाजींनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. तेव्हा मला आठवलं.

त्यांनी पुस्तक उघडलं, चित्र पाहिलं आणि चालायला लागले. या टोकाकडून त्या टोकाकडे जात गोष्ट सांगू लागले. तलावातले शिंगाडे चोरायला आलेल्या कोल्ह्याची. गोष्ट फार मजेची होती. लोक हसत होते. पण पुस्तक त्यांनी वर्गात धरायचे तसं मुलांकडे तोंड करून धरलं होतं, आणि पुढच्याच रांगेत खुशी होती.

"खोटं!" ती उठून ओरडली.

लगेच सगळी पोरं, "खोटं! आबाजी, खोटं!"

आबाजी हसले. "शाब्बास," म्हणाले आणि पान उलटलं. कोल्हा पाण्यात पडला.

"खोटं!"

पालकही आता हसत होते. त्यांना वाटलं, बसवलेलं आहे. तिसरं पान. पुन्हा तेच. मग खुशी नियमाप्रमाणे पुढे आली. आबाजींच्या हातातलं पुस्तक तिने पुन्हा पहिल्या पानावर आणलं आणि बोट ठेवून मोठ्याने वाचलं, "एका तळ्यात एक कासव राहत होते." एकेका शब्दावर थांबत, पण पूर्ण वाचलं. टाळ्या पडल्या. तिची आई बायकांच्या घोळक्यात तोंडाला पदर लावून रडत होती. खुशीने मान वर करून म्हटलं, "आता पुढचं तुमी वाचा आबाजी. खरं खरं."

आबाजींचे पाय थांबले. त्यांनी पान जवळ घेतलं.

"एक," ते म्हणाले. मग बऱ्याच वेळाने, "होते."

मागून त्यांच्याच वयाच्या कोणीतरी म्हटलं, "काहून गा मुकादम, वाचता नाई येत का तुले?" आणि दुसरा म्हणाला, "मंग मुकादमी कशी केली बे यानं?"

आबाजींनी पुस्तक मिटलं, टेबलावर नीट ठेवलं, आणि फाटकाबाहेर गेले. सायकल तिथेच राहिली.

मी घरी पोचले तेव्हा ते हातांच्या खुर्चीत बसले होते.

दुसऱ्या दिवशी बसलेले. तिसऱ्या दिवशी बसलेले. काकूंनी चहा हातात दिला की पीत, ताट दिलं की मांडीवर घेऊन जेवत. ड्रम एका जागी. खाट एका जागी. मला त्या घरात धड उभं राहवेना. काकू एकदा कळवळून म्हणाल्या, "उठा ना जी. दोन फेऱ्या तरी मारा." त्यांनी ऐकलंसुद्धा नाही.

चौथ्या दिवशी मी समोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "आबाजी, माझं चुकलं."

"तुमाले मालूम होतं."

"हो."

"मंग काहून?"

साइट अडकली होती, हे काय सांगायचं माणसाला.

"खोली पाहून घ्या दुसरी," ते म्हणाले. आवाज चढवून नाही. अंगणाकडे बघत.

शाळेत मी त्यांचे खेळ एकटीने घेऊन पाहिले. दोरी तीच, कार्डं तीच. मुलं उड्या मारत होती, पण फाटकाकडे बघत. मधल्या सुट्टीत खुशी माझ्याजवळ आली. "मॅडम, आबाजी रुसले का? मी जिंकली म्हनून?"

मी तिला नाही म्हटलं. तिला पटलं नाही.

तिने घरी जाऊन काय सांगितलं मला माहीत नाही. पण सहाव्या दिवशी दुपारी खुशीची आई आमच्या फाटकात उभी होती. डोक्यावर टोपली, साडीचा ओचा अजून ओला. मी खोलीत भांडी खोक्यात भरत होते. वरठीला एक खोली पाहून ठेवली होती. ती माझ्याकडे आली नाही. सपरीत जाऊन आबाजींच्या खुर्चीसमोर खाली बसली.

"आबाजी, मले शिकवा."

त्यांनी तोंड अंगणाकडे फिरवलं.

"बसची पाटी वाचता आली पायजे येवढं. भंडाऱ्याले मासे नेतो, बस आली का याले इचारा, त्याले इचारा. एक डाव तुमसरच्या बसीत बसली. मासे सडले पुरे."

"मॅडम हायेत ना," आबाजी म्हणाले. सहा दिवसांत ते एवढं पहिल्यांदाच बोलले. "त्यायले सांग. मले वाचता येत नाई. पुऱ्या गावानं पाह्यलं."

"मी बी पाह्यलं," ती म्हणाली. "म्हनून तं तुमच्याकडं आली. मॅडमले नाई जमत आमाले शिकवनं. त्याईले सारेच अक्षर येतात. ज्याले सारं येते, त्याले का मालूम, न येनाऱ्याचं कोठं अडते थे. तुमी माह्यावानीच हा. आनि माही पोरगी तुमीच वाचती केली."

मी दाराआड उभी होते. मला लागलं ते, पण खोटं नव्हतं.

आबाजी खुर्चीत पुढे सरकले. मग म्हणाले, "भंडाऱ्याच्या पाटीचं तोंड कसं हाय, सांग बरं. पाह्यली असशीन ना हजारदा?"

"सुरवातीले एक टिंब हाय डोक्यावर," ती म्हणाली.

"आनि तुमसरले?"

"तुमसरले नाई."

"मंग!" असं म्हणून आबाजी खुर्चीतून उठले.

पुढच्या दोन आठवड्यांत खुशीच्या आईच्या मागोमाग ढिवर मोहल्ल्यातल्या आणखी सात बायका यायला लागल्या. दुपारी, मासे विकून झाल्यावर. आबाजींनी यांनाही बसवून ठेवलं नाही. ते स्वतः बस झाले. छातीवर पुठ्ठ्याची पाटी लावायची, 'तुमसर' किंवा 'लाखांदूर' किंवा 'भंडारा', आणि अंगणात तोंडाने हॉर्न वाजवत पळायचं. बस थांबणार नाही. पाटी ओळखून हात दाखवाल तर चढाल. चाळीस-चाळीस वर्षांच्या बाया पदर खोचून त्यांच्यामागे धावायच्या आणि हसून हसून भिंतीला टेकायच्या. चुकीच्या बसमध्ये चढलेलीला आबाजी तलावाच्या पाळीपर्यंत पायी न्यायचे. "आता उतरा बाई, सिहोरा आलं."

पाट्या मी लिहून द्यायची. खोलीचा विषय कोणी काढला नाही. मी एक दिवस खोक्यातली भांडी परत फळीवर लावली. काकूंनी आवाज ऐकला असणार. संध्याकाळी त्यांनी वाटीभर लाखोरीच्या डाळीचं वरण आणून दिलं.

शाळेत आबाजी आले तेव्हा खुशी दाराआड लपली. त्यांनी तिला शोधून काढलं. म्हणाले, "पकडलं ना मले? आता राज्य तुहं." तेव्हापासून 'खोटं'च्या खेळात खुशी चुकीचं वाचायची आणि आबाजींनी पकडायचं. कधी पकडायचे, कधी सुटायचं. सुटलं की पोरं त्यांना समजावून सांगायची, आणि ते ऐकून घ्यायचे.

पारावरची माणसं काही दिवस चिडवत राहिली. "मुकादम, पेपर वाचून दाखव." आबाजी सायकलचा वेग कमी न करता म्हणायचे, "टीव्ही पाह्यला रातच्याले. थेच हाय पेपरात." हळूहळू तेही थांबलं.

मी त्यांना अक्षरं शिकवायचाही घाट घातला. तीन दिवस त्यांनी कसंबसं सोसलं. चौथ्या दिवशी पाटी माझ्या हातात देऊन म्हणाले, "मॅडम, हे हाडं हायेत. मले हाडं वळखू येत नाई, मानूस वळखू येते. राहू द्या." मी राहू दिलं. अजूनही त्यांना अक्षरं येत नाहीत. माझी बदली झाली, तरी काकूंशी फोनवर बोलणं होतं. पाण्याचा ड्रम सध्या न्हाणीजवळ असतो.

एक दुपार तेवढी सांगायची राहिली. बायकांचा खेळ चालू होता. त्यातल्या एकीने कमरेची पिशवी सोडून दवाखान्यातली एक चिठ्ठी काढली. दुसऱ्या दिवशी रक्त तपासायला बोलावलं होतं. तिने ती आबाजींना दिली. "काय लिवलं जी यात?"

आबाजींनी चिठ्ठी हातात घेतली. भिंतीपर्यंत गेले, परत आले. मी खिडकीतून बघत होते. मला जागेवरून चिठ्ठी वाचता येत नव्हती, पण ते अडलेत हे चालीवरून कळत होतं. मी अर्धवट उठले. मग पुन्हा खाली बसले. या खेपेला मी कोणासाठी काही ठरवणार नव्हते.

आठही बायका त्यांच्याकडे बघत होत्या.

"सकाळी हाय," आबाजी म्हणाले. "यावे हाय. मंधात दोन शब्द हायेत. थे मले येत नाई."

कोणी हसलं नाही. खुशीची आई म्हणाली, "मंग मॅडमले इचारा," आणि चटईवर माझ्यासाठी जागा केली.

"मॅडम," त्यांनी हाक मारली, "या बरं."

मी गेले. वाचलं. "सकाळी उपाशी पोटी यावे."

"अवं माय," चिठ्ठीवाली म्हणाली, "मी तं भात खाऊन जानार होती!" सगळ्या हसायला लागल्या. मी खडू घेऊन फरशीवर दोन्ही शब्द मोठ्या अक्षरांत लिहिले. आबाजींनी वाकून पाहिलं. इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं, रुमाल डोक्यावरून काढून पुन्हा बांधला.

"नाई बसलं ध्यानात," ते म्हणाले. "आनखी एक डाव सांगा."

मी सांगितलं, आणि नऊही जण माझ्यामागून म्हणाले.